चौदा नंबरच्या घराचा गॅस

अबकैक, सौदी अरेबिया
शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८०

सौ. शेवंतास,

दत्तारामकडून आशीर्वाद, तू घेणार असशील तर. इकडे सर्व क्षेम आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तिकडचं क्षेम मला आईच्या पत्रातून कळतं. आईची पत्रं आपले पोस्टमास्तर लिहून देतात, त्यामुळे त्यांत आईपेक्षा पोस्टमास्तरच जास्त बोलतात. मागच्या पत्रात अर्ध्या पानावर त्यांच्या गुडघेदुखीची हकीकत होती. अर्चनाबद्दल एकच ओळ होती, ‘मुलगी खेळते.’ अडीच वर्षांची मुलगी खेळणार नाही तर काय ऑफिसला जाणार?

जूनमध्ये मी परत आल्यापासूनचं हे माझं सहावं पत्र. तुझं एकही नाही. खोलीतला संगमेश्वरचा केरू, मी तुला सांगितलं होतं तो, रोज विचारतो, “वहिनीचं पत्र आलं का?” आधी मी सांगायचो, टपाल बंद आहे. आता तोही समजला आहे. सातवी शिकलेली बायको केली की तिला लिहिता येतं तसं न लिहितासुद्धा येतं, असं म्हणाला काल. मी हसलो, पण मला ते लागलं.

बरं, बातमी देतो. वाळवंटात कसली थंडी, असं आई म्हणते. तिला सांग, डिसेंबर-जानेवारीत इथे सकाळी पाण्यात हात घालवत नाही. म्हणून कंपनीच्या कॉलनीत साहेब लोकांची जी साठ घरं आहेत, त्या प्रत्येक घरात स्वैपाकघराच्या बाजूला एक बारकी खोली आणि तिच्यात बॉयलर. बॉयलर तेलावर पाणी तापवतो, ते पाणी भिंतीतल्या पाइपांतून फिरतं आणि खोल्या ऊबदार होतात. त्या बॉयलरांची तेलाची टाकी भरायची, बर्नर साफ करायचा, काजळी काढायची, हे माझं पावणेतीन वर्षांचं काम.

आता ते तेल जाणार आणि गॅस येणार. जमिनीतून तेल काढताना त्याच्याबरोबर गॅसही वर येतो. आजपर्यंत हे लोक तो उंच नळीच्या तोंडाशी पेटवून नुसता जाळून टाकत होते. आपण नारळाची करवंटीसुद्धा चुलीत घालतो, आणि इथे आकाशात एवढा मोठा जाळ, त्यावर कोणाचा चहासुद्धा होत नाही. आता शहाणे झालेत. गॅस गोळा करून पाइपातून घरोघर देणार आहेत.

गॅस आला की तेलवाल्याचं काय काम? आमचे फोरमन ताजुद्दीन, हैदराबादचे, त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, “जो गॅस का इम्तिहान पास करेंगा वो रहेंगा. बाकी खलास, टिकट लेके घर.” परीक्षा डिसेंबरच्या एक तारखेला आहे. आपलं नवं घर अजून जोत्यावरच उभं आहे, तेव्हा मला पास होणं भाग आहे. पाना धरण्यात मी कोणाला हार जायचो नाही. बाकीचं बघू.

तू आईच्या हातून पाठवलेला मसाला पोचला. म्हणजे आईने पाठवला असं लिहिलंय, पण कुटलेला तुझा आहे ते मला कळतं. डबा उघडला तसा खोलीभर वास सुटला. केरूला शिंका आवरेनात.

स्टोव्हच्या त्या दिवसाबद्दल मी नव्याने काही लिहीत नाही. माझं लक्ष नव्हतं, एवढंच. तेव्हाही मी तेच सांगितलं होतं. पण लक्ष नसणाऱ्या माणसाला सहा महिने बोलायचं नाही ही शिक्षा फार होते, शेवंते. दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझा,
दत्ताराम

*

अबकैक
शुक्रवार, १२ डिसेंबर १९८०

सौ. शेवंतास आशीर्वाद.

पास झालो. आईला सांग, देवाला नारळ ठेव म्हणावं. पोस्टमास्तरांना सांगू नकोस, नाहीतर पुढच्या पत्रात माझ्याच परीक्षेचं वर्णन मला वाचावं लागेल.

परीक्षा दोन भागांची होती. पहिल्या भागात पाइपाचे सांधे जोडायचे, हवा भरून प्रेशर गेज लावायचं आणि काटा खाली उतरतो का ते बघायचं. त्यात मी पहिला आलो. परीक्षा घ्यायला दम्मामहून आलेला गोरा साहेब माझा सांधा हलवून हलवून दमला. दुसरा भाग बाटल्यांचा. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात मुद्दाम घाणेरड्या वासाचं औषध घालतात. टेबलावर पाच बाटल्या ठेवलेल्या. एकेकाने जायचं, हुंगायचं आणि गॅसची कुठली ते सांगायचं. केरू माझ्या पुढे होता. मी सांगितलं, तिसरी. बरोबर निघालं. बाटल्यांच्या त्या भागाबद्दल आणखी थोडं सांगायचं आहे, पण ते भेटीत सांगेन.

आता मला गॅस फिटरचं कार्ड मिळालंय. त्यावर फोटो आहे. फोटोत कपाळावरचा व्रण स्पष्ट दिसतो. तो कशाचा ते तू मे महिन्यात विचारलं होतंस आणि न्हाणीत पडलो असं मी म्हणालो होतो.

काम जोरात चाललंय. एक घर दोन दिवसांत उरकायचं. तेलाची टाकी आणि जुना बर्नर काढायचा, नवा बसवायचा, भिंतीबाहेरच्या मोठ्या व्हॉल्व्हपासून आत लाईन आणायची. लाईन झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं. गॅस गळत असेल तर तिथे बुडबुडे येतात. बाकीचे फिटर एकदा साबण फिरवतात, नाक वर करून एकदा हुंगतात आणि यल्ला, पुढचं घर. मी प्रत्येक सांध्याला तीनदा लावतो. ताजुद्दीन मला ‘साबनवाला’ म्हणायला लागलेत. “अरे साबनवाले, पाइप को नहला रा क्या?” म्हणाले. म्हणोत बापडे.

चौदा नंबरच्या घरात आपली माणसं आहेत. सांगलीकडचे रमेशसाहेब, प्लँटमध्ये इंजिनियर. त्यांची बायको रेखाताई. त्यांचा तेलाचा बॉयलर कायमचा बसलाय, आणि घरात चार महिन्यांची मुलगी. ती बाई दोन-दोन शाली पांघरून स्वैपाक करते. मी मोजमापाला गेलो तर चहा दिला आणि म्हणाली, “दत्तारामभाऊ, आमचं घर आधी करा हो. मुलीचे हातपाय गार पडतात.” किती दिवसांनी बाईमाणसाच्या तोंडून मराठी ऐकली. मी फोरमनच्या हातापाया पडून चौदा नंबर यादीत वर घेतलाय.

चहा होईपर्यंत तिने मुलगी माझ्या मांडीवर दिली. जेमतेम पायलीभर जीव. आपली अर्चना एवढी असताना मी पाहिली नाही. पाहिली तेव्हा ती चालत होती आणि मला भिऊन तुझ्या लुगड्यामागे लपत होती. रेखाताईने मुलीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि म्हणाली, “बाळाचा वास म्हणजे ना, जगात तसा दुसरा नाही. घेऊन बघा.” मीही नाक टेकवलं आणि हो म्हणालो.

पुढे काही लिहवत नाही. थांबतो. अर्चनाला माझा पापा. तुझं पत्र आलं तर बरं वाटेल.

दत्ताराम

*

अबकैक
शुक्रवार, १६ जानेवारी १९८१

शेवंता,

आज क्षेम वगैरे काही लिहीत नाही. पत्र आधी एकटी वाच. आईला काय सांगायचं ते मग तूच ठरव.

मला वास येत नाही.

कमी येतो असं नव्हे. येतच नाही. फुलाचा नाही, माशाचा नाही, रॉकेलचा नाही, गॅसचा नाही. दोन वर्षं झाली. हे एक वाक्य मी तुला कितीदा लिहून फाडलं ते केरूला विचार.

१९७८ च्या डिसेंबरात एका बॉयलरचा बर्नर पेटत नव्हता. मी दोनदा बटण दाबलं. आत न जळलेलं तेल साठलं होतं, ते तिसऱ्या वेळी एकदम भडकलं आणि बर्नरचं लोखंडी दार उघडून माझ्या कपाळावर बसलं. आठ दिवस हॉस्पिटलात होतो. तुला ‘ताप आला होता’ असं कळवलं, कारण अर्चना तेव्हा सहा महिन्यांची होती आणि तू अंगावर पाजत होतीस. व्रण भरला, पण जेवणाला चव लागेना. तिखट कळतं, मीठ कळतं, बस. तिथल्या डॉक्टर अहिल्याबाई नागपूरच्या, त्यांनी समजावलं की डोक्याला मार बसला की वासाची शीर तुटते, कधी जुळते, बहुतेक जुळत नाही. मी म्हटलं, नाकाचंच गेलंय ना, डोळे तर शाबूत आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळलं तर बॉयलरवर ठेवणार नाहीत, म्हणून गप्प बसलो. एका केरूला ठाऊक होतं. आणि एकदा कंपनीला सांगितलं नाही म्हटल्यावर तुलाही सांगता येईना. का ते मला अजून नीट कळत नाही. तू मला अधू समजशील असं वाटलं असेल.

आता मे महिना आठव. तू विहिरीवर गेली होतीस. मी खांबाला टेकून पेपर वाचत होतो. हाताच्या अंतरावर स्टोव्ह गळून रॉकेल जमिनीवर पसरलं होतं आणि अर्चना गोधडीवर झोपलेली, गोधडीचा कोपरा भिजलेला. तू अंगणातूनच ओरडत आलीस. तू म्हणालीस, “फाटकापासून वास येतोय, आणि तुम्ही इथे बसून काय करताय? पोर मेली असती तरी तुम्हाला कळलं नसतं.” खरं आहे, मला कळलं नसतं. पण मी म्हणालो, लक्ष नव्हतं. तुझ्या नजरेत बेफिकीर ठरणं मला परवडलं, पण अधू ठरणं परवडलं नाही. मी निघालो तेव्हा तू एस्टीपर्यंत आली नाहीस, ते बरोबर केलंस.

इतकं होऊनही मी शहाणा झालो नाही. आता जे लिहितो ते वाचून मला काय म्हणायचं ते म्हण.

परीक्षेतली तिसरी बाटली मला केरूने सांगितली. तीनदा खोकला. कार्ड मिळालं. मी स्वतःला समजावलं की बाकीचे नाकावर विसंबतात, मी साबणावर विसंबेन, आणि साबण खोटं बोलत नाही.

बसलेल्या बॉयलरचे भाग यायला वेळ लागला, त्यामुळे चौदा नंबरचं काम मागच्या आठवड्यात गुरुवारी संपवलं. लाईन हवेने तपासली, काटा हलला नाही. मग व्हॉल्व्ह उघडून गॅस आत घेतला. आता फक्त बर्नरजवळचा शेवटचा सांधा साबणाने बघायचा होता, कारण तो सगळ्यात शेवटी जोडतात. पाण्याच्या पाइपांचं थोडं काम बाकी होतं, म्हणून बर्नर शनिवारी पेटवायचा होता. कंपनीची साबणाच्या पाण्याची बाटली संपलेली. म्हटलं त्यात काय, वडी आहे माझ्याकडे. मागच्या अंगणातल्या नळावर डबा धरला, वडी घोळली आणि सांध्यावर लावलं. बुडबुडा नाही. पुन्हा लावलं. नाही. तिसऱ्यांदाही नाही.

तेवढ्यात रेखाताई दारात येऊन म्हणाली, “दत्तारामभाऊ, कसला तरी वास येतोय का हो? कांदा सडल्यासारखा?”

शेवंते, मी काय म्हणालो असेन? “नवीन पाइपांना रंगाचा वास असतो ताई. दोन दिवसांत जाईल.” तिने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही, माझ्या खिशाला कार्ड लटकत होतं. मुलीला वारा लागू नये म्हणून तिने माझ्यासमोर खिडक्या लावून घेतल्या.

साडेतीनच्या बसने आमच्या कामगारांच्या कॅम्पावर आलो. हात धुवायला मोरीत गेलो, तीच साबणाची वडी हातात, आणि कोपरापर्यंत फेस आला. पांढरा, लोण्यासारखा दाट फेस. मी बघत राहिलो. दुपारी डब्यात हा फेस का नव्हता? आणि मग तुझीच आठवण आली. लग्नानंतर पहिल्या वर्षी समुद्राकडच्या विहिरीवर तुझे कपडे निघेनात. तू म्हणालीस, “या खाऱ्या पाण्यात वडी झिजवून काही उपयोग नाही, फेस धरतच नाही.” कॉलनीत प्रत्येक घराला दोन नळ असतात. आतला गोड्या पाण्याचा, आणि मागचा झाडांना घालायच्या बोअरच्या मचूळ, खाऱ्या पाण्याचा. मी मागच्या नळाचं पाणी घेतलं होतं. त्या पाण्यात गळतीसुद्धा बुडबुडा धरणार नव्हती. कोकणातला माणूस, समुद्राकाठी वाढलेला, आणि हे विसरला. वास सगळ्या घराला सांगत होता, आणि मी त्या बाईला रंगाचा म्हणून परत पाठवलं.

गुरुवारी त्यानंतर कॉलनीकडे बस नसते. पाण्याचा टँकर कॉलनीकडे निघाला होता, त्याच्या पायरीवर चढलो. ड्रायव्हर येमेनचा, मी ‘गॅस, गॅस, बेबी’ एवढंच सांगत होतो. त्याने टँकर असा हाणला की मागे पाणी सांडत चाललं. चौदा नंबरपाशी उडी मारली तेव्हा दिवेलागणीची वेळ. तुला ठाऊक आहे या वेळेला आपली कुठलीही बाई काय करते. स्वैपाकघराच्या खिडकीतून दिसलं, रेखाताई देव्हाऱ्यापुढे उभी, एका हातात काड्यापेटी, काखेत मुलगी.

मी ओरडलो, “ताई, काडी ओढू नका.” असा ओरडलो की मुलगी दचकून रडायला लागली आणि रेखाताईच्या हातातली पेटी पडली. भिंतीबाहेरचा व्हॉल्व्ह आधी बंद केला. मग सांगितलं, दिव्याच्या बटणालाही हात लावू नका, मुलीला घेऊन बाहेर या. त्या दोघी फाटकाशी गेल्या आणि मी आत जाऊन सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बॉयलरच्या खोलीत माझे डोळे चुरचुरले, पण नाकाला काही नाही. उभा होतो, श्वास घेत होतो आणि काही नाही. तेवढी भीती मला त्या लोखंडी दाराचीही वाटली नव्हती.

मग तासभर वारा खेळू दिल्यावर व्हॉल्व्ह जरासा उघडला आणि आतल्या नळाचं गोडं पाणी घेऊन सांधा तपासला. बुडबुड्यांचा घोसच्या घोस आला. पाऊण वळसा पाना फिरवला आणि थांबलं. पाऊण वळशाचं काम होतं.

बाहेर येऊन फाटकाशी जमिनीवर बसलो आणि तिला खरं सांगितलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, माझं तर नाक गेल्यावरही दोन वर्षं उघडलं नव्हतं. मला वाटलं ती आरडाओरडा करेल, नवऱ्याला फोन करेल. तिने मुलीला शालीत गुंडाळलं आणि म्हणाली, “एवढंच म्हणायचं होतं ना हो, ‘ताई, मला वास येत नाही, तुम्ही सांगा’. मी सांगितलं असतं. मी तर सांगतच होते.”

ती बोलत होती आणि मला तू बोलतेस असं वाटत होतं. तूही सांगतच होतीस.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः ताजुद्दीनांच्या खोलीवर गेलो. कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांचा चहा राहिला बाजूला. “दो बरस से तेरी नाक मरी वी है, और तू मेरे घरों में गॅस डाल रा?” म्हणाले. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. बाटलीचं कोणी सांगितलं विचारलं, मी नाव घेतलं नाही. दुपारी केरू आपणहून गेला आणि सांगून आला. आता दोघांचं काम बंद आहे. मी केलेली बाकीची अकरा घरं ताजुद्दीन स्वतः पुन्हा तपासतायत. त्यातल्या एकातही गळती निघाली तर मी इथे थांबणार नाही, तिकीट माझं मीच मागेन. आठवडा झाला. खोलीत बसून हे पत्र लिहितोय.

आणि एक गोष्ट राहिली. ती सगळ्यात आत होती म्हणून सगळ्यात शेवटी येते. अर्चना झाली तेव्हा मी इकडे होतो. मी तिला पाहिलं तोवर माझं नाक गेलेलं. रेखाताईची मुलगी मांडीवर घेऊन मी ‘हो, छान वास आहे’ असं खोटं बोललो, कारण मला माझ्या स्वतःच्या मुलीचा वास ठाऊक नाही. कधीच आला नाही आणि येणार नाही. बाकी सगळ्याचं मला काही नाही. याचं मला रडू येतं, शेवंते.

रागावून लिही, कसंही लिही. नाही लिहिलंस तरी हे तुला ठाऊक असू दे.

दत्ताराम

*

अबकैक
शुक्रवार, २० फेब्रुवारी १९८१

प्रिय शेवंते,

तुझं पत्र परवा मिळालं. केरूने आणून माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः खोलीबाहेर जाऊन बसला, शहाण्यासारखा.

आधी इकडचं सांगतो. अकराच्या अकरा घरं ताजुद्दीनांनी सांध्यासांध्याला तपासली. एकातही गळती निघाली नाही. तिथे मी लावलेलं साबणाचं पाणी कंपनीच्या बाटलीतलं होतं. तरी शिक्षा झाली आणि ती योग्य आहे. माझं फिटरचं कार्ड गेलं, आता मी हेल्परच्या यादीत आहे. केरूलाही ताकीद मिळाली. पण तिकीट हातात दिलं नाही. ताजुद्दीन म्हणाले, “काटा देखने को नाक नै लगती. तू गेज संभाल.” आता मी घरोघर फक्त प्रेशर तपासतो. शेवटच्या सांध्याला माझ्याबरोबर चांगल्या नाकाचा एक माणूस असतो, तो हुंगतो आणि मी साबण लावतो, गोड्या पाण्यातला. पाणी कुठल्या नळाचं ते आता वहीत लिहावं लागतं. कॉलनीत सगळ्यांना कळलंय. पहिले दोन दिवस मान वर होईना. मग लक्षात आलं की मी खोलीत शिरल्या शिरल्या पहिल्यांदा विचारतो, “कोणाला वास येतोय का?” आणि लोक सांगतात. त्यात काही कठीण नव्हतं.

चौदा नंबरच्या भिंती गरम झाल्या. बर्नर पेटवायला रेखाताईने मलाच बोलावलं. ताजुद्दीनांना मागे उभं करून, पण मलाच. निळी ज्योत लागली, धूर नाही, काजळी नाही. रमेशसाहेब त्या संध्याकाळपासून माझ्याशी बोलले नव्हते, त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला. मुलगी आता एका शालीत झोपते.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू सुरुवातच अशी केलीस, ‘अहो, तुम्ही मूर्ख आहात. हे आधीच लिहिते, म्हणजे आत्याबाईंना वाचून दाखवताना गाळायला सोपं जाईल.’ मी दोनदा मोठ्याने हसलो. मग पुढचं वाचलं. ‘मे महिन्यात खाटेखाली फणस पिकून सगळं घर घमघमत होतं. वाटेने जाणारा माणूस विचारायचा, फणस फोडला का म्हणून. आणि तुम्ही त्याच खाटेवर बसून मला विचारलंत, यंदा फणस कधी पिकणार. तेव्हाच मला वाटलं, हा माणूस शरीराने आलाय, मनाने आला नाही. याला आता आमचं घर नकोसं झालं. स्टोव्ह तर नंतरचा. मी आठ महिने त्या फणसासाठी रडले, आणि तुम्हाला त्याचा वास नव्हता.’

शेवंते, मला तो फणस आठवतसुद्धा नव्हता. माझ्या एका न बोलण्याने तू केवढं काय समजून बसलीस. मला माफ कर. हे तोंडावर म्हणायला येतोच आहे, रजा मे महिन्याची मंजूर झाली. या वेळी स्टोव्ह तू पेटव आणि दूध उतू गेलं तर मला मोठ्याने हाक मार.

मी काही मागितलं नव्हतं, तरी पत्राच्या तळाशी तू ते लिहिलंस. बारीक अक्षरात, जागा संपत आलेली, ओळी कडेने वर चढवलेल्या. ‘अर्चनाला सकाळी गोठ्याचा वास येतो, कारण उठली की आधी वासराच्या गळ्यात पडते. न्हाल्यावर खोबरेलाचा. आणि झोपली की मानेपाशी, केसांच्या खाली, कोवळ्या काकडीसारखा. हे आत्याबाईंनाही माहीत नाही. तुम्हाला सांगितलं.’

हा मजकूर मी केरूलाही दाखवला नाही. काल जेवण झाल्यावर बाहेर उन्हात बसून वाचला आणि डोळे मिटले. वास आला असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण तुला खोटं लिहायचं आता संपलं. वास आला नाही. पण कोवळी काकडी कशी असते ते मला ठाऊक आहे, आपल्या मळ्यात लहानपणी दहिवरात तोडून खाल्लेली. तेवढ्या धाग्याने मी पोरीच्या मानेपर्यंत पोचलो, शेवंते. प्रथमच पोचलो. तिथेच बराच वेळ बसलो होतो.

तुझ्या नाकावर भरवसा ठेवून उरलेला संसार करणारा,
तुझा दत्ताराम